मागचा दिवा आपल्याला दिसत नाही : गाडीचे बाहेरचे लाईट आणि स्विच घरच्या घरी

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी जसं बोललो तसं ठेवलंय.)

पावसाळा तोंडावर आलाय, आणि गेल्या काही दिवसांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारलाय. "लाईटचं काहीतरी करायचंय, गॅरेजला न जाता घरी काय काय जमेल?" आजचा एपिसोड त्यावरच. हेडलाईट, टेललाईट, ब्रेकलाईट, इंडिकेटर, नंबरप्लेटचा लाईट, आणि हे सगळे चालू-बंद करणारे स्विच. मी काही इलेक्ट्रिशियन नाही. वसईत राहतो, बारा वर्षांची हॅचबॅक चालवतो आणि शक्य तेवढं काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः करतो. तेवढ्या अनुभवावर बोलतोय.

आधी एक साधी गोष्ट. गाडीत काही बिघडलं तर आपल्याला कळतं. एसी गार करत नाही, कळतं. क्लच जड झाला, कळतं. पण ब्रेकलाईट गेला तर कळत नाही. तो दिवा आपल्यासाठी नसतोच ना, तो मागच्या माणसासाठी असतो. आणि मागचा माणूस तुम्हाला थांबवून सांगत नाही. फार तर हॉर्न मारून पुढे जातो.

आता हे आपल्याकडच्या रस्त्यावर ठेवून बघा. चिंचोटी ते विरार फाटा, रात्रीची वेळ, पाऊस, मागे कंटेनर. महामार्गाचा नंबर ४८ आणि आपल्या गाड्यांचा पासिंग नंबरही एमएच-४८, त्यामुळे हा रस्ता आपण घरचा समजतो. पण ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. म्हणजे चार गाड्या एकामागे एक लावल्या तेवढं अंतर. तुमचा ब्रेकलाईट लागला नाही आणि मागच्याला तुम्ही थांबताय हे एक सेकंद उशिरा कळलं, तर तेवढे १७ मीटर गेले. ओल्या रस्त्यावर ते परत मिळत नाहीत.

खारा वारा काय करतो

आता आजच्या एपिसोडचा मुख्य मुद्दा. लाईट गेला की आपण म्हणतो, बल्ब उडाला. नवीन बल्ब आणतो, लावतो. कधी चालू होतो, चार दिवसांनी परत बंद. मग आणखी एक बल्ब. मग वायरिंगवाल्याकडे. आपल्या भागात माझा अनुभव असा, की निम्म्या वेळा बल्ब चांगलाच असतो. त्याच्यापर्यंत करंट नीट पोचत नाही, किंवा पोचलेला करंट परत जायची वाट अडलेली असते.

कारण तुम्हाला माहितीये. आपण मिठागरांच्या शेजारी राहतो. भुईगाव, कळंब, राजोडी, अर्नाळा, समुद्र कुठेही लांब नाही. खिडकीचे गज तीन-चार वर्षांत फुगून पापुद्रे सुटतात, गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या तारेवर गंजाचे डाग पडतात. तीच हवा गाडीच्या बल्बच्या होल्डरमध्ये शिरते. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, आणि ओलाव्यात पितळेवर हिरवट थर येतो, लोखंडावर तांबूस. हा थर करंट अडवतो. कोरड्या हवेच्या गावात जे होल्डर दहा वर्षं टिकतात, ते इथे पाच वर्षांत कुरकुरायला लागतात. पाचूबंदरला बोटींच्या बॅटरीच्या टर्मिनलवर ग्रीस थापलेलं तुम्ही पाहिलं असेल. ते उगीच नाही.

म्हणून नियम असा ठेवा : बदलायच्या आधी तपासा, आणि तपासायच्या आधी साफ करा.

सामान काय लागतं

फार नाही. एक साधा मल्टिमीटर. एक टेस्ट लॅम्प, म्हणजे बारा व्होल्टचा बल्ब, एका वायरला चिमटा, दुसऱ्या वायरला टोक. हा घरीही बनतो. बारीक काचपेपर, जुना टूथब्रश, इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे. व्हॅसलिन किंवा डायइलेक्ट्रिक ग्रीस. स्टार आणि चपटा स्क्रू ड्रायव्हर, दहा नंबरचा पाना. एक मीटर वायर, दोन्ही टोकांना चिमटे. आणि गाडीसोबत आलेलं पुस्तक. ते डॅशबोर्डच्या कप्प्यात झाकणासकट पडलेलं असतं, काढा. कुठला बल्ब किती वॅटचा, कुठला फ्यूज कशाचा, सगळं त्यात आहे.

एक सावधगिरी आताच सांगतो. वायरिंगला हात लावायच्या आधी चावी काढा आणि बॅटरीचा निगेटिव्ह सोडवा. तपासणीसाठी करंट लागतो तेव्हाच परत जोडा.

एकट्याने तपासणी

संध्याकाळी, जरा अंधार पडल्यावर करा. कोणी सोबत असेल तर उत्तम, पोराला मागे उभं करा आणि ब्रेक दाबा. एकटे असाल तर गाडी भिंतीकडे किंवा दुकानाच्या बंद शटरकडे पाठ करून लावा. लाल उजेड दोन्ही बाजूंना सारखा पडतोय का ते आरशात दिसतं. किंवा मोबाईल मागे एखाद्या विटेला टेकवून व्हिडिओ चालू करा आणि आत बसून क्रमाने सगळं दाबा : पार्किंग, लो बीम, हाय बीम, डावा इंडिकेटर, उजवा, हॅझार्ड, ब्रेक, रिव्हर्स. मग पार्किंग लाईट चालू ठेवून त्यातच ब्रेक आणि इंडिकेटर. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. बरेचसे दोष एकेक लाईट लावला की दिसत नाहीत, सगळे एकत्र लावल्यावर दिसतात.

मग लक्षणं वाचायची.

एकाच बाजूचा लाईट गेलाय? बल्ब, होल्डर किंवा त्या बाजूचा अर्थ.

दोन्ही बाजूंचे ब्रेकलाईट एकदम गेले? दोन बल्ब एकाच दिवशी सहसा उडत नाहीत. फ्यूज बघा, नंतर पॅडलजवळचा स्विच.

इंडिकेटर एका बाजूला भराभर टिकटिक करतोय? त्या बाजूचा एक बल्ब गेलाय किंवा कमी वॅटचा लावलाय.

इंडिकेटर दोन्ही बाजूंना बंद, पण हॅझार्ड चालतोय? मग बल्ब चांगले आहेत. इंडिकेटरचा फ्यूज बघा, नाहीतर स्टिअरिंगखालचा स्विच.

ब्रेक दाबला की भलताच दिवा मिणमिणतो? हा अर्थचा दोष. याच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

काकांची गाडी

आमच्या शेजारच्या इमारतीत एक काका आहेत, सत्तरीला आलेले. काकूंचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा. पहाटे पाचला काका स्वतः गाडी काढतात, कारण त्या वेळी रिक्षा मिळेलच याची खात्री नाही. एका पहाटे सिग्नलला मागून एक टेम्पो अगदी टेकता टेकता थांबला. टेम्पोवाला उतरून म्हणाला, तुमचा ब्रेकलाईटच लागत नाही.

काका गॅरेजला गेले. कुठल्या ते सांगत नाही, त्याची गरजही नाही. तिथे सांगितलं, डाव्या बाजूचं अख्खं टेललॅम्प बदला, आतली वायरिंगही बदलावी लागेल. आकडा ऐकून काका माझ्याकडे आले.

"अरे, तू ते लाईटचं बघतोस ना? जरा बघ बाबा. डॉक्टरांचे पैसे आधीच..."

"काका, संध्याकाळी गाडी खाली आणा. आधी बघू तर."

संध्याकाळी त्यांना आत बसवलं, मी मागे उभा राहिलो. नुसता ब्रेक दाबला की डावा ब्रेकलाईट अगदी मंद लागायचा. पार्किंग लाईट चालू करून ब्रेक दाबला की डावीकडचा सगळा गठ्ठाच फिका पडायचा. आणि गंमत म्हणजे पुढचा डावा इंडिकेटर बारीक लुकलुकायचा. काका म्हणाले, "मी ब्रेक दाबतोय, इंडिकेटर कशाला लागतोय?"

याचं कारण असं. मागच्या एका लॅम्पमध्ये ब्रेक, पार्किंग, इंडिकेटर असे दिवे असतात. प्रत्येकाला करंट वेगळ्या वायरने येतो, पण परत जायला सगळ्यांची वाट एकच असते. ती वायर डिकीच्या आत कुठेतरी बॉडीला स्क्रूने बांधलेली असते. यालाच आपण अर्थ म्हणतो. हा स्क्रू गंजला की वाट बंद. मग ब्रेकचा करंट दुसरी वाट शोधतो : शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा जातो, त्याच्या वायरने पुढे जातो आणि पुढच्या इंडिकेटरमधून अर्थ गाठतो. वाटेतल्या सगळ्या बल्बमध्ये ताकद विभागली जाते, म्हणून सगळेच मिणमिणतात.

खात्री करायला फक्त एक वायर लागते. एक चिमटा लॅम्पच्या अर्थच्या पिनला, दुसरा बॉडीच्या एखाद्या स्वच्छ, रंग नसलेल्या बोल्टला. काकांना म्हटलं, दाबा ब्रेक. लख्ख लागला. म्हणजे लॅम्प चांगला, बल्ब चांगला, वायर चांगली. दोष त्या एका स्क्रूचा.

डिकीचं अस्तर बाजूला केलं, स्क्रू सापडला. खाली तांबूस भुकटी. स्क्रू काढला, वायरच्या टोकाची रिंग आणि बॉडीची जागा काचपेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, नवीन स्क्रू घट्ट बसवला, वरून व्हॅसलिन लावलं. हे वरूनच लावायचं, आधी धातूला धातू टेकू द्यायचा. अर्धा तास लागला. खर्च काचपेपरचा आणि स्क्रूचा. मग उजव्या बाजूचा अर्थही तसाच साफ केला, कारण दोन्ही बाजूंनी तोच पाऊस आणि तोच वारा खाल्लेला असतो.

मल्टिमीटरने हेच आकड्यात कळतं. लाईट चालू ठेवा. एक टोक लॅम्पच्या अर्थच्या पिनला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. आकडा शून्याच्या जवळ, म्हणजे ०.१ किंवा ०.२ व्होल्ट दिसायला हवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर वाटेत गंज आहे. लाईट बंद ठेवून हे मोजू नका. करंट वाहत नसेल तर खराब अर्थही चांगला दिसतो.

बल्ब बदलताना

बल्ब खरोखरच उडाला असेल तर बदलणं सोपं आहे. पण तीन-चार गोष्टी सांभाळा.

मागचा ब्रेक-पार्किंगचा बल्ब बहुतेक जुन्या गाड्यांत दोन तारांचा असतो, २१ वॅट ब्रेकला आणि ५ वॅट पार्किंगला. त्याच्या बाजूच्या दोन खुंट्या एका उंचीवर नसतात, एक वर आणि एक खाली असते, म्हणजे उलटा बसू नये. जोर लावून उलटा बसवला तर पार्किंगला ब्रेकचा उजेड येतो आणि ब्रेक दाबल्यावर काही फरक दिसत नाही. इंडिकेटरचा बल्ब एका तारेचा, २१ वॅटचा. नंबरप्लेटचा छोटा, खोचायचा, ५ वॅटचा.

नंबरप्लेटच्या लाईटकडे कोणी बघत नाही, पण तो नियमात आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, त्यातला १०५ वा नियम. मागचे लाल दिवे १५५ मीटरवरून दिसायला हवेत आणि नंबर पांढऱ्या उजेडात १५ मीटरवरून वाचता यायला हवा.

होल्डरमध्ये हिरवट थर दिसला तर नवीन बल्ब लावायच्या आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, टूथब्रशने घासा, वाळू द्या. आतल्या पितळी पट्ट्या चपट्या झाल्या असतील तर बारीक स्क्रू ड्रायव्हरने किंचित वर उचला. होल्डरचं प्लास्टिक वितळलं असेल तर साफ करण्यात अर्थ नाही, होल्डर बदला.

हेडलाईटच्या हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा त्या जागी काचेवर भाजला जातो, तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. लागलंच बोट तर स्पिरिटने पुसा. आणि मागचं रबरी बूट नीट बसवा, त्यावर "वर" अशी खूण असते ती वरच ठेवा. हे बूट सैल राहिलं की पावसाचं पाणी थेट आत.

लॅम्पच्या आत सकाळी थोडी वाफ धरली आणि लाईट लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांत गेली तर घाबरू नका, हवा खेळायला त्यात बारीक वाट ठेवलेली असते. पण तळाला पाणी हलताना दिसलं तर सील गेलंय. लॅम्प काढा, उन्हात वाळवा, गॅस्केट बदला.

फ्यूज

चपट्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात : लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. उडाला तर त्याच रंगाचा लावा. तो पण उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, शोधा. मोठा फ्यूज किंवा तार गुंडाळून काम भागवू नका. फ्यूज उडतो म्हणून वायर वाचते. फ्यूज उडेनासा झाला की वायर जळते, आणि ती वायर तुमच्या पायाजवळून गेलेली असते.

स्विच

आता स्विच. पहिला ब्रेकचा. पायाजवळ वाकून बघा, ब्रेक पॅडलच्या वरच्या दांड्याला टेकलेला एक छोटा स्विच असतो. पॅडल वर असताना त्याची कळ दाबलेली असते आणि लाईट बंद असतो. पाय ठेवला की कळ सुटते आणि लाईट लागतो. साध्या दोन पिनांच्या स्विचची परीक्षा सोपी : कपलर काढा, त्याच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा. लाईट लागले तर स्विच खराब. नाही लागले तर फ्यूज किंवा वायरिंग. चार पिनांचा स्विच असेल तर मात्र हा प्रयोग करू नका. नवीन गाड्यांत तोच स्विच इंजिनच्या कंप्युटरला आणि एबीएसलाही खबर देतो.

उलटा दोषही होतो : ब्रेकलाईट बंदच होत नाहीत. रात्रभर पेटून सकाळी बॅटरी झोपलेली. अशा वेळी पॅडलच्या दांड्यावरचं छोटं रबरी किंवा प्लास्टिकचं बटण बघा. ते वर्षानुवर्षं दाबून कडक होतं आणि तुटून पडतं, मग स्विचची कळ त्या भोकातून आरपार जाते. पायाखालच्या मॅटवर प्लास्टिकचे तुकडे सापडले तर समजा तेच. किरकोळ किमतीची वस्तू आहे.

दुसरा स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच. अप्पर-डिप्पर करताना मध्येच लाईट जातो, दांडी जरा हलवली की येतो, असं होत असेल तर आतले कॉन्टॅक्ट काळे पडलेत. बॅटरी सोडवा, स्टिअरिंगखालचं प्लास्टिकचं कव्हर स्क्रू काढून उघडा, दांडीच्या बुडाशी प्लास्टिकला चालणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, दांडी वीस-तीस वेळा हलवा, अर्धा तास वाळू द्या. बऱ्याचदा भागतं. नाही भागलं तर तिथेच थांबा. स्विच काढायला अनेक गाड्यांत स्टिअरिंग काढावं लागतं, आणि स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते. पिवळ्या कपलरला हात लावायचा नाही, टेस्ट लॅम्प तर अजिबात लावायचा नाही. ते काम जाणकाराचं.

आता हे कॉन्टॅक्ट काळे का पडतात? ज्या जुन्या गाड्यांत रिले नसतो, तिथे हेडलाईटचा सगळा करंट या स्विचमधून जातो. ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे साधारण १० अँपिअर. कोणीतरी सांगतं, उजेड कमी पडतोय तर शंभर वॅटचे टाक. मग १६-१७ अँपिअर. वायर तीच, स्विच तोच. वायर तापते, होल्डर वितळतो, स्विच जळतो. वर ते बल्ब नियमातही बसत नाहीत.

आणि उजेड कमी पडण्याचं कारण वॅट नसतंच बऱ्याचदा. हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड जवळजवळ तीस टक्के कमी होतो. इंजिन चालू, हेडलाईट चालू, आणि बल्बच्या दोन पिनांवर मोजा. मग बॅटरीवर मोजा. दोन्हींत एक व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर अर्थ साफ करा, कपलर साफ करा. तरीही फरक राहिला तर रिले किट लावा. त्यात बॅटरीवरून फ्यूजमधून थेट जाड वायर रिलेपर्यंत आणि पुढे बल्बपर्यंत जाते. जुना स्विच फक्त रिलेला इशारा देतो. तयार कपलरवालं किट घ्या, गाडीची मूळ वायर कापू नका. काही गाड्यांत हेडलाईटचा स्विच अर्थच्या बाजूला असतो, तेव्हा किट घेण्याआधी आपल्या मॉडेलला चालतं का ते विचारून घ्या.

समोरच्याचे डोळे

मागच्याबद्दल बोललो, आता समोरच्याबद्दल. इथल्या उन्हाने हेडलाईटची प्लास्टिकची काच पिवळी पडते. टूथपेस्टने घासली तर आठवडाभर बरी दिसते. नीट करायची तर ओल्या पॉलिश पेपरने, १०००, मग २०००, मग ३०००, नंतर पॉलिश, आणि शेवटी ऊन अडवणारं कोटिंग. कोटिंग टाळलंत तर पुढच्या उन्हाळ्यात परत तेच.

मग बीमची उंची. सपाट जागा, चारही टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हर सीटवर एक माणूस, आणि उंचीचं बटण असेल तर शून्यावर. गाडी भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा. हेडलाईटच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने आडवी रेघ मारा. लो बीमची वरची कड त्या रेघेच्या साधारण पाच सेंटिमीटर खाली यायला हवी. डावीकडे ती कड थोडी वर चढते, ती तशीच असते, फुटपाथ आणि पाट्या दिसाव्यात म्हणून. हेडलाईटच्या मागच्या स्क्रूने उंची जुळवता येते.

हॅलोजनच्या जागी बाजारातला एलईडी खोचण्याबद्दल खूप जण विचारतात. हेडलाईटचा आतला आरसा हॅलोजनच्या तारेची जागा धरून बनवलेला असतो. उजेड दुसऱ्या जागेवरून आला की तो नेमका पडत नाही, विखुरतो. तुम्हाला पुढे पांढरं पांढरं दिसतं, समोरच्याला काहीच दिसत नाही. नियम १०६ म्हणतो की तुमच्यापासून ८ मीटरवर असलेल्या, दीड मीटर उंचीवरच्या डोळ्यांना तुमचा दिवा दिपवणारा नसावा. दीड मीटर म्हणजे आपल्या गल्लीतून स्कूटरवर येणाऱ्या बाईचे डोळे. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

पाणी भरलं तर

२०१८ च्या जुलैत काय झालं होतं ते इथे कोणाला सांगायला नको. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली, वसईत मिठागरातली माणसं अडकलेली. त्या वेळी पार्किंगमधल्या कितीतरी गाड्यांच्या बंपरवर पाणी चढलं होतं. गाडी अशी उभ्या पाण्यात राहिली असेल तर पाणी ओसरल्यावर चावी फिरवून "लाईट लागतात का बघू" असं करू नका. निगेटिव्ह सोडवा. पाणी सीटपर्यंत आलं असेल तर टो करून न्या. फक्त लॅम्पपर्यंत आलं असेल तर लॅम्प काढा, होल्डर आणि कपलर आधी स्वच्छ गोड्या पाण्याने धुवा, कारण नुसतं वाळवलं तर मीठ आणि गाळ आतच राहतो. मग पूर्ण वाळवा, क्लीनर मारा, ग्रीस लावा, आणि नंतरच जोडा.

वर्षातून दोनदा

घरी करू नये अशा गोष्टी परत एकदा : एअरबॅगजवळचं काम, सीलबंद एलईडी लॅम्प उघडणं, गाडीखाली जाऊन गिअरबॉक्सवरचा रिव्हर्स लाईटचा स्विच बदलणं, आणि ज्याचं कारण कळलं नाही असा वारंवार उडणारा फ्यूज. यासाठी चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा. पण जाताना लक्षण सांगा, "लाईट बघा" एवढंच म्हणू नका. "ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मिणमिणतो, अर्थला वायर जोडली की नीट लागतो," असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला अख्खा लॅम्प कोणी विकत नाही.

बाकीचं वर्षातून दोनदा करा. एकदा मे महिन्यात, पावसाच्या आधी : सगळे होल्डर उघडून साफ करायचे, ग्रीस लावायचं, अर्थचे स्क्रू घट्ट करायचे. एकदा दसऱ्याला. गाडी धुऊन हार घालतोच आपण, त्याआधी तासभर लाईटला द्या. आणि दर आठवड्याला, पेट्रोल भरताना, पंपावरच्या माणसाला म्हणा, "दादा, जरा मागे बघा हो, ब्रेक लागतोय का?" कोणी नाही म्हणत नाही.

काकांची गाडी अजून आठवड्यातून तीनदा पहाटे पाचला निघते. आता महिन्यातून एकदा ते खाली उभे राहून मला हाक मारतात, आणि मी गॅलरीतूनच सांगतो, "काका, दोन्ही लागतायत."

तुमच्या इमारतीत असं कोणी एकटं गाडी चालवणारं असेल, म्हातारं माणूस, रात्रपाळीची मुलगी, तर या रविवारी त्यांच्या गाडीमागे दोन मिनिटं उभे राहा. पुढच्या एपिसोडमध्ये वायपर आणि काचेवरचं धुकं घेऊ. लाईटबद्दल काही अडलं तर गाडीचं मॉडेल, साल आणि नेमकं लक्षण लिहून पाठवा. भेटू, मंडळी. सांभाळून चालवा.